भुसावळ ते काठमांडू, सोनौलीमार्गे: एकच तिकीट की तुकड्यातुकड्यांत?

अमळनेरकर
राम राम मंडळी. दिवाळीनंतर आम्ही दोघे भुसावळहून रेल्वेने गोरखपूर आणि तिथून बसने सोनौलीच्या सीमेवरून काठमांडू, असं ठरवतोय. सामान म्हणजे पाठीवरची एकेक सॅक. गोरखपूरलाच काठमांडूपर्यंतचं तिकीट काढावं का? आधार कार्ड चालतं ना? आणि रात्रीची बस घेतली तर एका मुक्कामाचा खर्च वाचेल का?

तापीकाठ
एकच तिकीट नको. गोरखपूर स्टेशनबाहेर 'डायरेक्ट काठमांडू' म्हणून जे गळ्यात मारतात, त्यातलं बरंचसं सीमेपर्यंतचंच असतं. पलीकडचा कंडक्टर ती चिठ्ठी ओळखत नाही, आणि परत येऊन भांडायला वेळ कोणाला असतो?

भुसावळहून कुशीनगर एक्सप्रेस धरा (काशी एक्सप्रेसही गोरखपूरला जाते, पण वाराणसीवरून फिरून). गोरखपूर स्टेशनजवळच रोडवेजचा (यूपीच्या एसटीचा) स्टँड आहे, तिथून सोनौली शंभरेक किलोमीटर, तीन तास धरा. सोनौलीला उतरून सीमेवरची कमान पायीच ओलांडायची. पलीकडचं गाव बेलहिया, आणि तिथून भैरहवा ४ किलोमीटर. काठमांडूच्या गाड्या दोन्हीकडून सुटतात. तिकीट काउंटरवरच काढा आणि त्यावर गाडीचा व सीटचा नंबर लिहून घ्या. तारीख वाचताना गोंधळू नका: तिकडे विक्रम संवत चालतो, 'गते' म्हणजे सौर महिन्याची तारीख. आपल्या तिथीशी ती जुळत नाही.

रात्रीची बस मात्र नकोच. बुटवल, नारायणगढ, मुग्लिन असा ८ ते १० तासांचा रस्ता आहे. नारायणगढ ते मुग्लिन एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला त्रिशूली नदी. १२ जुलै २०२४ ला पहाटे याच पट्ट्यात सिमलतालजवळ दरड कोसळून दोन बस त्रिशूलीत गेल्या. दिवाळीनंतर पावसाचा जोर नसतो हे खरं, पण अंधारी वळणं तीच असतात. एक मुक्काम भैरहव्यात करा, पहाटे निघा.

भुसावळ_जंक्शन
आधारवर विसंबू नका. १५ ते ६५ वयाच्या माणसाला पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र लागतं. आधार चालतं ते १५ च्या आतल्या आणि ६५ च्या वरच्यांना. कमानीवर पायी जाणाऱ्याला बहुतेक वेळा कोणी अडवत नाही, म्हणून लोक बेफिकीर होतात. पुढे तपासणी लागली किंवा परतीचं विमान धरायचं ठरलं की अडकतात. मूळ कार्ड न्या, मोबाईलमधला फोटो नव्हे.

अमळनेरकर
कार्ड आहे दोघांकडे. पैशांचं काय?

सातपुडा_पायी
शंभराच्या आणि त्याखालच्या नोटा न्या, मोठ्या नोटांवरून कटकट होऊ शकते. दर ठरलेला आहे, आपले १०० म्हणजे तिकडचे १६०. सीमेवर कोणी 'पाचशे' म्हणालं की आधी विचारा, 'आयसी की नेपाली?' आयसी म्हणजे आपला रुपया. नेपाली पाचशे म्हणजे आपले सव्वातीनशेसुद्धा नाहीत, आणि नेमका इथेच नवखा माणूस कापला जातो. उरलेले नेपाली रुपये परतताना भैरहव्यातच बदला, गोरखपुरात ते कोणी घेणार नाही.

घड्याळ १५ मिनिटं पुढे करा. सीमेजवळ मोबाईल भारतीय टॉवर पकडून आपलीच वेळ दाखवत राहतो. त्यात ७ वाजलेले दिसले की तिकडे सव्वासात झालेले असतात, म्हणजे सातची बस गेली.

सॅक डिक्कीत किंवा टपावर जाते. बुटवलच्या पुढे रस्त्याच्या कामाची धूळ इतकी की चेन उघडली तर आतले कपडे पिठात लोळल्यासारखे. साधं रेन कव्हर फडफडून निघतं. खताची रिकामी धुतलेली गोणी न्या, सॅक आत घालून तोंड सुतळीने बांधा. पासपोर्ट, पैसे, औषधं अंगावर ठेवा.

तापीकाठ
सीट मागितली तर पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधली मागा. मागच्या चाकावरच्या आणि शेवटच्या बाकावर बसलात तर मुग्लिननंतर गाडी लागणारच. गोळी घ्यायची तर निघण्याआधी अर्धा तास, वळणं सुरू झाल्यावर नव्हे. आणि दशम्या, शेंगदाण्याची चटणी बांधून न्या. वाटेत जेवायला थांबतात तिथे डाळभात मिळतो, पण बस किती वेळ थांबणार ते कंडक्टरला आधीच विचारा.