ग्रीन कार्डच्या रांगेतल्यांना ‘परत या’ म्हणणं सोपं आहे

म्हापशाची ताई
काल इथे एकाने लिहिलं, ‘घरी सुपारी-नारळाचं कुळागर असताना अमेरिकेत ग्रीन कार्डसाठी वर्षानुवर्षं ताटकळतात आणि वर रडतात. परत या, कोणी अडवलंय?’ वाचल्यापासून डोकं तापलंय.

माझा धाकटा भाऊ त्याच रांगेत आहे. नोकरीवर मिळणारी ग्रीन कार्डं, म्हणजे तिथे कायम राहण्याचे परवाने, वर्षाला साधारण १,४०,०००. त्यात एका देशात जन्मलेल्यांना ७ टक्क्यांची मर्यादा, १९९० च्या कायद्यापासून. भारतालाही तेवढीच आणि आइसलँडलाही तेवढीच. २०२५ साली ईबी-२ या उच्चशिक्षितांच्या गटात आपली तारीख २०१२-१३ मध्येच रुतलेली होती, म्हणजे तेव्हा अर्ज केलेल्यांचाच नंबर लागत होता. भावाचं आय-१४०, म्हणजे कंपनीने त्याच्यासाठी केलेला अर्ज, कधीच मंजूर झालंय, कर वेळच्या वेळी भरतो. दर महिन्याला रांगेच्या तारखांचं सरकारी पत्रक, व्हिसा बुलेटिन, उघडून बघण्यापलीकडे त्याच्या हातात काय आहे?

बाबा गेले तेव्हा तो आला नाही. पासपोर्टवरचा व्हिसा संपला होता. आला असता तर मुंबईत नव्या व्हिसाच्या शिक्क्याची, स्टॅम्पिंगची, तारीख मिळेपर्यंत इथेच अडकला असता आणि तिकडे नोकरी गेली असती. अग्नी चुलतभावाने दिला. याने तिकडे भाड्याच्या घरात एकट्याने सुतक पाळलं. त्याला तुम्ही रडका म्हणता?

डिचोलीकर
ते मीच लिहिलं होतं. ताई, बाबांचं वाचून वाईट वाटलं, पण शब्द मागे घेणार नाही. रांग लांब आहे हे जाताना ठाऊक होतं. इथे झाडावर चढून नारळ-सुपारी पाडणारा पाडेली मिळत नाही, सुपारी झाडाखाली कुजते, मुंडकाराच्या (आपल्या जमिनीत घर करून राहणाऱ्याच्या) केसच्या तारखांना म्हातारे आईवडील मामलेदाराकडे फेऱ्या मारतात. मग एक दिवस घर दिल्लीवाल्याला विकलं जातं. विकणारा कुठे असतो? रांगेत!

सांताक्रूझचो बाब
एवढं कशाला? आजोबा गोवामुक्तीच्या, म्हणजे १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मले असतील तर लिस्बनला जन्मनोंद घालायची आणि पोर्तुगीज पासपोर्ट काढायचा. रांग संपली.

फोंडेकर, न्यू जर्सी
बाब, ही रांग पासपोर्टावर लागत नाही, जन्मस्थानावर लागते. मडगावात जन्मलेला उद्या पोर्तुगीज झाला तरी भारताच्याच रांगेत. नवरा किंवा बायको दुसऱ्या देशात जन्मलेली असेल तरच तिच्या देशाच्या खात्यात जाता येतं. आणि ताई, ७ टक्के म्हणजे भिंत नव्हे. इतरांचे न वापरलेले आकडे आपल्याकडे वळतात, तरी पुरत नाहीत.

डिचोलीकर, माझी मुलगी दोन वर्षांची असताना इथे आली. एकवीस पूर्ण झाली की ती माझ्या अर्जातून बाहेर. वयाच्या हिशेबात थोडी सूट मिळते, पण आमच्या तारखेला ती पुरणार नाही. तिला मराठी कळतं, वाचता येत नाही. तिने कुठे ‘परत’ यायचं?

काणकोणची सून
पोर्तुगीज पासपोर्टाचे सल्ले फुकट वाटू नका. माझ्या दिराने काढला. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की १९५५ च्या कायद्याच्या कलम ९ ने भारतीयत्व जातं. भारतीय पासपोर्ट वेळेत जमा झाला नाही म्हणून तो रद्द झाला. हातात ‘जमा’चा नव्हे, ‘रद्द’चा कागद आला आणि त्यावर ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड, अडकलं. आणि ज्या इंग्लंडसाठी हे सगळं केलं, तिथला मोकळा रस्ता २०२१ च्या १ जानेवारीपासून बंद. इंग्लंडात स्विंडनला आधी पोचले ते सुटले.

सांताक्रूझचो बाब
बंद झालं ते इंग्लंड. आयर्लंड, जर्मनी, खुद्द पोर्तुगाल उघडे आहेत. दिराने कागद वेळेत दिले नाहीत, हा दोष पासपोर्टाचा कसा?

काणकोणची सून
एजंटाने ‘घाई नको’ म्हणून सांगितलं, पैसे घेतले आणि फोन उचलणं बंद केलं. गावोगाव असे लोक बसलेत. तुम्हाला दोष दिसतो तो फक्त दिराचा!

डिचोलीकर
गोव्याच्या मुक्तीसाठी ज्यांनी आग्वादच्या तुरुंगात दिवस काढले त्यांच्या गावात ही पासपोर्टाची भाषा. लाज वाटते.

सांताक्रूझचो बाब
देशप्रेम आम्हाला शिकवू नका. माझे वडील तारवटी, म्हणजे बोटीवरचे खलाशी होते. बोटीवरच्या पगारावर चार भावंडं शिकली. तेव्हा गावाने नोकऱ्या दिल्या नाहीत, आज लाज कसली काढता?

म्हापशाची ताई
पासपोर्टासाठी वेगळा धागा काढा. डिचोलीकर, फोंडेकरांच्या मुलीबद्दल विचारलंय, त्याचं उत्तर द्या.

डिचोलीकर
मुलांचं असं होतं हे मला माहीत नव्हतं. मुलीपुरतं मागे घेतो. तुमच्या भावापुरतं नाही.

फोंडेकर, न्यू जर्सी
डिचोलीकरांच्या बाजूचंही एक सांगतो, मन होत नाही तरी. आय-१४० मंजूर असेल तर भारतात परतल्यावरही प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली आपली तारीख, सहसा टिकते. नंबर लागला की मुंबईच्या वकिलातीतून पुढचं करता येतं.

डिचोलीकर
मग मी दुसरं काय म्हणत होतो?

फोंडेकर, न्यू जर्सी
तेव्हा अमेरिकेत नोकरी द्यायला कंपनीही तयार लागते. तुमच्यासाठी दहा वर्षं खुर्ची कोण राखून ठेवतो?

म्हापशाची ताई
तारीख टिकते हे भावाला आजच कळवते. यायचं की नाही ते त्याचं तो ठरवेल, डिचोलीकर. तुम्ही नव्हे आणि मीही नव्हे.