टपालाने कागद आणि पुस्तके पाठवताना तिकिटांची रक्कम अचूक कशी ठरवावी?

प्रश्न

गेल्या महिन्यात मी माझ्या शाळेतील निवृत्त सरांना काही जुन्या लेखांच्या छायाप्रती साध्या टपालाने पाठवल्या. वाण्याच्या काट्यावर कागदांचे वजन ९४ ग्रॅम भरले, म्हणून २५ रुपयांची तिकिटे लावून पाकीट टपालपेटीत टाकले. पाकीट सरांकडे पोहोचले, पण पोस्टमनने त्यांच्याकडून १० रुपये घेतले. सरांनी ते बोलूनही दाखवले नाही, मला त्यांच्या सुनेकडून कळले, आणि तेव्हापासून मनाला फार लागून राहिले आहे. हिशेबात माझे नेमके काय चुकले? आता त्यांनाच सुमारे सव्वा किलो वजनाची तीन पुस्तके आणि सोबत एक पत्र पाठवायचे आहे. ते कसे पाठवावे?

पहिला प्रतिसाद

आपण कागदांचे वजन केले, पाकिटाचे नाही. साध्या पत्राला पहिल्या २० ग्रॅमला ५ रुपये आणि पुढच्या प्रत्येक २० ग्रॅमला किंवा त्याच्या भागाला आणखी ५ रुपये असा दर आहे. ९४ ग्रॅमला २५ रुपये बरोबरच होतात. मात्र जाड पाकीट, आतला पुठ्ठा आणि चिकटपट्टी धरून वजन १०० ग्रॅमच्या पुढे गेले असणार, आणि १०१ ग्रॅमलाही ३० रुपयेच लागतात. तिकीट जितके कमी पडते त्याच्या दुप्पट रक्कम घेणाऱ्याकडून वसूल होते, म्हणून ५ रुपयांच्या तुटीचे १० रुपये झाले. यालाच आपण बैरंग टपाल म्हणतो. हा शब्द इंग्रजी ‘बेअरिंग’वरून मराठीत रुळला. घेणाऱ्याने पैसे नाकारले असते, तर पाकीट आपल्याकडे परत आले असते. सरांनी ते सोडवून घेतले, यातच त्यांना त्या कागदांचे किती मोल वाटले ते दिसते.

दुसरा प्रतिसाद

पुस्तकांसाठी पत्राचा दर मुळीच वापरू नये, कारण १,२०० ग्रॅमचे त्या दराने ३०० रुपये होतील. डाक विभागाने १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ ही सेवा सुरू केली आहे, तिचा दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपयांपासून ५ किलोपर्यंत १०० रुपये असा असून कर वेगळा पडतो. शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक आणि धार्मिक छापील साहित्य तिच्यात चालते, परंतु पुस्तकावर मुद्रकाचे किंवा प्रकाशकाचे नाव असावे लागते आणि जाहिरातींचे वा व्यापारी साहित्य चालत नाही. टपाल जमिनीवरच्या मार्गाने जाते, त्यामुळे थोडा धीर धरावा लागतो. पुस्तकांच्या पुडक्यात खासगी पत्र मात्र घालू नका, कारण सवलत केवळ छापील साहित्याला आहे. पुडके पूर्ण बांधून खिडकीवर न्यावे, तेथील काट्यावर वजन करून घ्यावे आणि पावती जपून ठेवावी, म्हणजे ते कुठवर पोहोचले हेही पाहता येते.

प्रश्नकर्तीचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. पुस्तके सोमवारी खिडकीवर नेऊन ज्ञान पोस्टनेच पाठवते. सरांचे पत्र वेगळ्या आंतरदेशीय पत्रावर लिहीन आणि त्या १० रुपयांबद्दल त्यातच त्यांची क्षमा मागेन.