दहावीतली लेक रात्री फरसाणाचा डबा उघडते, तेव्हा बोलायचं कशावर: वजनावर की मनावर?

अबोली: रात्रीचे अकरा. जेवून दीड तास झालेला. गणिताची वही ओट्यावर उघडी आणि लेकीचा हात फरसाणाच्या डब्यात. उभ्या उभ्या, चव न घेता खाणं चाललेलं. चाचणीत मार्क गेले होते, हे दोन दिवसांनी कळलं. आजी "किती सुटलीयेस" म्हणाली, त्या रात्री दार लावून बिस्किटांचा अख्खा पुडा संपला. तेव्हापासून घरात वजनाचा विषय बंद. एवढंच ठरवलंय: ताटलीत काढून घ्यायचं, बसून खायचं आणि आधी स्वतःला विचारायचं, भूक पोटाला लागलीये की जीव उदास झालाय? महिन्याभरात डबा सुटला नाही, पण तीनदा ती डबा न उघडता माझ्याजवळ येऊन बसली. शाळेत हे शिकवायलाच हवं.

रानवारा: ताई, घरी केलंत ते छानच. शाळेत नको. ब्रिटनमधल्या शाळांत आठ हजारांवर मुलांना घेऊन सजगतेच्या, म्हणजे मनात-शरीरात काय चाललंय ते शांतपणे न्याहाळायला शिकवणाऱ्या तासांचा मोठा प्रयोग झाला. २०२२ मध्ये निकाल आला: नेहमीच्या शिकवण्याहून काही फरक नाही. बहुतेकांनी घरी सराव केलाच नाही. आपली मुलं सहाला उठतात, बाराला झोपतात. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. झोप तुटली की तळलेलं-गोड हवंसं वाटणारच. आधी वेळापत्रक बदला.

मैदानवाला: मी खेळ शिकवतो. विषय बंद करणं मला पटत नाही. मुलांच्या मानेवर काळपट, जाडसर पट्टा दिसतो, आया मळ समजून घासत बसतात. ती शरीरात इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण असू शकते. न बोलून कसं चालेल? बालरोगतज्ज्ञांकडे जाऊन वाढीचा तक्ता बघून घ्या.

अबोली: सर, मानेचं माहीत नव्हतं, आजच बघते. वजन डॉक्टरांनी मोजावं, बोलावंही त्यांनीच. ताटावर बसलेल्या पोरीला ते ऐकवू नये. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनंही २०१६ मध्ये आईवडिलांना हेच सांगितलंय: वजनावर बोलू नका, डाएटच्या मागे लावू नका, एकत्र जेवा. आणि रानवारा, तो प्रयोग मुलांच्या मानसिक आरोग्याचा होता, खाण्याचा नव्हे. वेळापत्रकाचं मात्र खरंय. क्लास नऊला सुटतो, मग एकत्र जेवायचं कधी?

रानवारा: मग क्लासवाल्यांना आठला सोडायला सांगा. एकटीचं ऐकणार नाहीत, दहा पालक मिळून जा.

मैदानवाला: आणि सातला अर्धा तास मैदानावर पाठवा. तेही मागून घ्या.