मदत हवी आहे: जैसलमेरला समला राहावं की खुरीला?

नमस्कार मंडळी. आम्ही परभणीचे. सध्या आमच्या दोघांत बोलणं म्हणजे "गॅस संपलाय" आणि "पोरीची फी भरली का" एवढंच. आधी भांडणं तरी व्हायची, आता तीही नाहीत. अशात यांनीच अचानक डिसेंबरात जैसलमेरला जायची तिकिटं काढली. पोरीला सासूबाई सांभाळतील.

यांना सम या वाळूच्या टेकड्यांच्या ठिकाणचं पॅकेज हवंय: तंबू, उंट, रात्री नाचगाणं. शहरापासून साधारण 40 किलोमीटर. पण तिथं रात्री डीजे लावतात म्हणे, त्या दणदणाटात आम्ही काय बोलणार? मला खुरी गावात कुणाच्या तरी घरी राहायचंय. पण तिथली केर-सांगरीची भाजी, बाजरीचा सोगरा (म्हणजे भाकर) यांना नाही रुचला तर सगळं माझ्या माथी. (ज्वारीची भाकर एक दिवस नसली तरी तोंड उतरतं.)

तिकडं गावात बायका घुंघट घेतात ना? मग पाहुणीनं डोक्यावर पदर घ्यायचा का? जेवायला पुरुष ओसरीत आणि बायका आत, असं वेगळं बसवतात का? तसं असेल तर गेलो कशाला एकत्र! रात्री थंडी कडाक्याची असते, रजया मिळतात की घरून न्यायच्या?

"फिरून या, सगळं नीट होईल" हे आईनं सांगून झालंय, ते नको. जोडीनं खुरीत राहून आलेल्यांनी मात्र नक्की लिहा, विशेषतः ज्यांचं जाताना पटत नव्हतं त्यांनी.