पुण्यात पहिले प्रदर्शन : दालन भाड्याने घ्यावे की मुंबईची वाट पाहावी?

उंबरठा :
नमस्कार. मी यंदा चित्रकलेची पदवी पूर्ण केली आहे. पेठांमधला एखादा वाडा उतरवायला घेतला, की मालक आणि ठेकेदार यांची परवानगी घेऊन मी तिथे जातो, पायऱ्यांवर आणि उंबरठ्यांवर पातळ कागद अंथरतो आणि कोळशाच्या कांडीने घासून त्यांचे ठसे घेतो. पायरीच्या कडेला टाकीचे घाव स्पष्ट उमटतात. मधला भाग मात्र पावलांनी झिजून खोलगट झालेला असल्यामुळे तिथे कागद दगडाला नीट टेकत नाही आणि एक फिकट, जवळजवळ कोरा अर्धचंद्र तयार होतो. मला दाखवायचा आहे तो हा कोरा भाग. दोन वर्षांत असे बावीस ठसे जमले असून सर्वांत मोठा साडेअकरा फूट लांब आहे.

घरच्यांच्या मते प्रदर्शन म्हणजे बालगंधर्व. आमचे सर म्हणतात, की पुण्यात नाटक आणि गाणे चालते, चित्रांसाठी मुंबई गाठावी, तिथल्या जहांगीर कलादालनाला अर्ज करावा आणि नंबर लागेपर्यंत थांबावे. इथल्या दालनांत मला निसर्गचित्रे आणि गणपतीच जास्त दिसले, हेही खरे आहे. या शहरात अशा कामाला प्रेक्षक आहे का, आणि सुरुवात कुठून करावी, याविषयी जाणकारांनी कृपया लिहावे.

जुना फळा :
शाळेत चित्रकला शिकवण्यात आणि मुलांना एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवण्यात माझी हयात गेली, त्यामुळे माझे मत थोडे जुन्या वळणाचे वाटेल. पुण्यात भिंतींची टंचाई नाही. बालगंधर्वचे कलादालन आहे, घोले रस्त्यावर महापालिकेचेच राजा रविवर्मा कलादालन आहे, आणि शनिवार पेठेत महाराष्ट्र कल्चरल सेंटरच्या सुदर्शन कलादालनाने प्रायोगिक कामालाही जागा दिलेली आहे. भाड्याच्या दालनाचा फायदा असा, की विक्रीतला हिस्सा कुणाला द्यावा लागत नाही. तोटा असा, की निमंत्रणपत्रिकेपासून खिळ्यापर्यंत सगळे आपल्याच अंगावर पडते. बालगंधर्वचे मला विशेष वाटते ते एवढ्यासाठी, की नाटकाला अर्धा तास लवकर आलेला माणूस सहज दालनात डोकावतो. ज्याला कुणी बोलावलेले नाही असा प्रेक्षक मिळणे ही चैन आहे.

निसर्गचित्रांना मात्र नाक मुरडू नका. मिलिंद मुळीक यांच्यासारख्या जलरंगकारांमुळे या शहरात रविवारी सकाळी कागद-पाणी घेऊन वाड्यांसमोर बसणारी माणसे तयार झाली आहेत, आणि आपल्या दगडातला टाकीचा घाव तीच सर्वांत आधी ओळखतील.

एक अनुभव सांगतो. माझ्या एकमेव प्रदर्शनात मी हौसेने सगळी चित्रे काचेच्या फ्रेममध्ये लावली होती. दालनातल्या ट्यूबलाइट काचेत अशा चकाकत होत्या, की दुसऱ्या दिवशी एक गृहस्थ माझ्या पावसाळी भीमाशंकरासमोर बराच वेळ उभे राहिलेले पाहून मी आनंदाने जवळ गेलो, तेव्हा ते काचेत पाहून केस विंचरत होते. आपल्या ठशांना काच लावू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

पूलगेट :
फळासरांशी काचेबाबत पूर्ण सहमत, दालनाबाबत नाही. भाड्याच्या दालनात ठरावीक दिवस प्रदर्शन लागते, उद्घाटनाला नातेवाईक येतात, अभिप्राय-वहीत ‘अप्रतिम’ असे चाळीस वेळा लिहिले जाते आणि शेवटच्या संध्याकाळी चित्रे रिक्षातून घरी परत जातात. त्या कामावर विचार करून कुणी दोन परिच्छेद लिहिले आहेत, असे फार क्वचित घडते. कोरेगाव पार्कात विदा हैदरी कंटेम्पररीसारखे दालन समकालीन काम निवडून, क्युरेट करून, म्हणजे एका विचाराने मांडणी करून दाखवते. खासगी दालने विक्रीतला तिसरा हिस्सा ते निम्मी रक्कम ठेवतात, हे ऐकून दचकू नये, कारण संग्राहकापर्यंत पोहोचण्याचे काम ती करतात. पण पहिल्याच वर्षी तिथे बोलावणे येईल, अशी अपेक्षाही ठेवू नये.

या शहराची एक गंमत आपल्या सरांच्या नजरेतून सुटली असावी. इथली दृश्यकला बरेचदा कला महाविद्यालयाच्या फाटकाबाहेरून आलेली आहे. चित्रकार सुधीर पटवर्धन पुण्यातल्या एएफएमसी या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाले आणि ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम करता करता त्यांनी कामगारांची आणि उपनगरांची चित्रे केली. राज्यश्री गुडी या फर्ग्युसनमध्ये समाजशास्त्र शिकल्या आणि दलित साहित्यातले अन्नाविषयीचे उतारे घेऊन त्यांनी पाककृतींच्या रूपातले काम केले. पुणे बिनाले या दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनाच्या २०१३, २०१५ आणि २०१७ अशा आवृत्त्या झाल्या. त्यांतल्या २०१७च्या आवृत्तीचा, जिचे क्युरेशन झाशा कोला आणि लुका चेरिझ्झा यांनी केले होते, विषयच रोजच्या वापरातल्या जागा हा होता. आपले उंबरठे त्याच वाटेवरचे आहेत. म्हणून माझी सूचना अशी, की पुढचा वाडा पडण्याआधी मालकाला विनंती करून एक रविवार मागून घ्यावा आणि ठसा त्याच पायरीच्या शेजारी टांगावा.

मोडीवाचक :
मी चित्रकार नाही, इतिहासाचा विद्यार्थी आहे. पण ‘ठसा’ हा शब्द वाचून थांबलो. शिलालेखाचा ठसा घेताना आम्ही कागद ओला करून दगडावर बसवतो, ब्रशने ठोकून तो अक्षरांच्या खाचांत उतरवतो आणि मग वरून शाईची पुरचुंडी फिरवतो, ज्यामुळे पार्श्वभूमी काळी होते आणि अक्षरे पांढरी राहतात. आपल्या कागदावरही जे झिजले तेच पांढरे राहते, फक्त तिथे अक्षर नाही. सदाशिव पेठेतल्या भारत इतिहास संशोधक मंडळात किंवा येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाच्या लोकांना हे बावीस कागद दाखवून पाहावेत. दगड कुठला, टाकी कोणती आणि पायरी दुसऱ्या जागेवरून आणून बसवलेली आहे का, हे तिथे कुणीतरी नक्की सांगेल. प्रत्येक ठशामागे पेठ, तारीख आणि पायरी कितवी, एवढे तरी पेन्सिलीने लिहिले आहे ना? वाडा गेल्यावर ही माहिती कुठूनही मिळत नाही.

उंबरठा :
सर्वांचे मनापासून आभार. तारखा आहेत, पायरी कितवी, हे फक्त नऊ ठशांवर लिहिलेले आहे, आणि उरलेल्या तेरांपैकी अकरा वाडे आता जागेवर नाहीत. शुक्रवार पेठेतल्या एका मालकांनी दिवाळीनंतरचा एक रविवार द्यायचे कबूल केले आहे. मंडळातही जाऊन येतो. एकच अडचण उरते : गुंडाळी उघडली, की कोळसा कागदाच्या पाठीला लागलेला दिसतो, आणि साडेअकरा फुटांचा कागद सपाट ठेवायला घरात जागा नाही.

जुना फळा :
गुंडाळी आतून पोकळ ठेवू नका. प्लंबिंगच्या दुकानातून सहा इंची पीव्हीसी पाइप आणा, फिक्सेटिव्हचे, म्हणजे कोळसा कागदावर धरून ठेवणाऱ्या फवाऱ्याचे, दोन पातळ हात लांबून मारून कागद पूर्ण वाळू द्या, मग ठशावर बटर पेपर अंथरून कोळशाची बाजू बाहेर ठेवून पाइपवर सैल गुंडाळा. पहिला प्रयोग सर्वांत लहान ठशावर करा. उरलेल्या दोन वाड्यांत मात्र याच आठवड्यात जाऊन पायऱ्या मोजून या.