‘वहिवाट’, ‘मुभा’, ‘सुविधाधिकार’: पुळणीकडे जाणाऱ्या वाटेला काय म्हणावे?

विचारणा
कोकणातील एका ग्रामसभेपुढे येणाऱ्या ठरावाच्या मसुद्यात ‘खाजगी बागायतीतून पुळणीवर जाण्याची ग्रामस्थांची पूर्वापार वहिवाट कायम ठेवावी’ असे वाक्य आहे. (पुळण म्हणजे समुद्रकाठची वाळू.) ‘वहिवाट’ जुनाट वाटते म्हणून ‘मुभा’ घालावी, अशी एक सूचना आली आहे, तर दुसरी ‘सुविधाधिकार’ या शब्दाची आहे. हे तिन्ही शब्द एकमेकांच्या जागी चालतील काय?

उत्तर
चालणार नाहीत, आणि ‘मुभा’ तर कृपया मुळीच घालू नये. मुभा कोणीतरी देतो, म्हणून देणारा ती काढूनही घेऊ शकतो. कायद्याच्या भाषेत तो परवाना ठरतो आणि भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ याच्या कलम ६० नुसार, काही अपवाद वगळता, परवाना रद्द करण्याचा अधिकार तो देणाऱ्याकडे राहतो. याउलट कलम १५ प्रमाणे खाजगी जमिनीतील वाटेचा हक्क वापराने सिद्ध करायचा, तर ती वाट वीस वर्षे उघडपणे, शांततेने, खंड न पडता आणि ‘हक्क म्हणून’ वापरलेली असावी लागते. सारा वाद बहुधा या ‘हक्क म्हणून’वरच होतो, कारण गडग्याचे (दगडी कुंपणाचे) बेडे, म्हणजे फाटक, उघडण्यापूर्वी दर वेळी मालकाची परवानगी घेतली जात होती असे दिसले, तर पिढ्यान्‌पिढ्यांची ये-जासुद्धा त्या हक्काला आधार देत नाही. गावाने आपल्याच ठरावात ‘मुभा’ लिहिली, तर उद्या समोरचा वकील तोच कागद न्यायालयात पुढे करील.

‘वहिवाट’ हा शब्द जुनाट नाही. मात्र तो दुहेरी आहे. ‘ही जमीन माझ्या वहिवाटीत आहे’ म्हणताना ताबा आणि कसणूक अभिप्रेत असते, देवस्थानचा वहिवाटदार म्हणजे कारभार पाहणारा, आणि ‘वहिवाटीची वाट’ म्हणजे नित्याच्या वापराने रुळलेली वाट. ठरावात नुसते ‘ग्रामस्थांची वहिवाट’ राहिले, तर गाव बागायतीवरच ताबा सांगत आहे असा अर्थ ओढूनताणून काढता येईल. ‘वहिवाटीची सार्वजनिक वाट’ लिहिल्यास ही फट राहत नाही.

‘सुविधाधिकार’ काटेकोर असला तरी येथे तोकडा पडतो. तो एका जमिनीच्या उपभोगासाठी दुसऱ्या जमिनीवर असतो. रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मासेमारीचे मोठे जाळे) ओढायला जाणाऱ्याच्या नावावर गुंठाभरही जमीन नसेल, तर त्याचा हक्क या व्याख्येत कसा बसणार? कोणत्याही जमिनीशी निगडित नसलेले जनतेचे रूढ हक्क याच अधिनियमाच्या कलम २ ने अबाधित ठेवले आहेत. आपल्या ठरावाला तोच आधार अधिक जवळचा आहे.

पुरवणी विचारणा
मग हॉटेलांच्या जाहिरातींत ‘खाजगी किनारा’ असे लिहितात, ते शब्दप्रयोग म्हणून योग्य मानावे काय?

उत्तर
माझ्या मते ते चुकीचे आणि अपायकारक आहे. खाजगी असते ती किनाऱ्यालगतची जमीन. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम २० प्रमाणे भरतीच्या रेषेखालील समुद्रतळ सर्वसाधारणपणे शासनाच्या मालकीचा आहे. लोकांची अडवणूक होते ती पुळणीच्या मागे, कुंपणापाशी. म्हणूनच किनारपट्टी नियमनाच्या १९९१ च्या अधिसूचनेत दोन किनारी हॉटेलांमध्ये लोकांना जाण्यासाठी किमान २० मीटर रुंदीची मोकळी जागा सोडण्याची अट घातली गेली. गोव्यात दोनापावलाजवळच्या वायंगिणी किनाऱ्याचा वाद याच स्वरूपाचा होता: हॉटेलसाठी जमीन संपादन करताना झालेल्या करारातच लोकांच्या वाटेची अट होती, तरी प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २००९ साली न्यायालयाने सार्वजनिक विश्वस्त तत्त्वाचा आधार घेऊन लोकांच्या बाजूने निकाल दिला. त्या तत्त्वानुसार शासन किनाऱ्याचे विश्वस्त असते, आणि विश्वस्ताला ही संपत्ती कोणा एकाच्या स्वाधीन करून इतरांना वंचित ठेवता येत नाही.

ठरावातील वाक्य मी असे सुचवेन: ‘अमुक गट क्रमांकातून पुळणीवर जाणारी वहिवाटीची सार्वजनिक वाट ग्रामस्थ व इतर लोक पूर्वापार, उघडपणे व हक्क म्हणून वापरीत आले असून ती कोणीही अडवू नये.’ ‘व इतर लोक’ हे शब्द गाळू नयेत, कारण ते गाळल्यास हक्क केवळ गावापुरता उरतो. वाटेची रुंदी आणि तिची दोन्ही टोके मात्र प्रत्यक्ष मोजणी झाल्यावरच लिहावीत.