अमेरिकन यादवी युद्ध : एकाच राज्याच्या पलटणी दोन्हीकडून कशा?

अजिंक्यतारा_पायथा
साताऱ्यात अभ्यासिकेत बसून जागतिक इतिहास करतोय, कोणीतरी डोकं ठिकाणावर आणा. मला आजवर वाटायचं उत्तर म्हणजे गुलामगिरीच्या विरोधात, दक्षिण म्हणजे बाजूनं, मधी सरळ रेघ, विषय संपला. आता नोट्समध्ये लिहिलंय की मे १८६२ मध्ये फ्रंट रॉयलच्या लढाईत दोन्हीकडं 'फर्स्ट मेरीलँड' नावाचीच पलटण होती आणि दोघी एकमेकींवरच तुटून पडल्या. टायपो आहे का हा?

वारणाकाठ
टायपो नाही भावा, खरंच झालंय तसं. तुझी ती सरळ रेघच चुकलीय. गुलामगिरी असलेली राज्यं १५ होती, त्यातली देशातून फुटून दक्षिणेची झाली ११. डेलावेअर, मेरीलँड, केंटकी, मिसुरी ही चार गुलाम ठेवूनसुद्धा अध्यक्ष लिंकनकडं, म्हणजे उत्तरेकडंच राहिली. त्यात मेरीलँडचं दुखणं वेगळं, वॉशिंग्टनच्या एका अंगाला मेरीलँड आणि नदीपलीकडं व्हर्जिनिया, म्हणजे मेरीलँड गेलं असतं तर राजधानीच शत्रूच्या पोटात. म्हणून लिंकननं तिथं फौज घातली, लोकांना खटला न चालवता आत टाकलं, आणि ज्यांना दक्षिणेचा पुळका होता ती पोरं पोटोमॅक नदी ओलांडून व्हर्जिनियात जाऊन भरती झाली. आता दोन्हीकडची पोरं मेरीलँडचीच म्हटल्यावर नाव दुसरं काय देणार.

केंटकीनं तर आधी आम्ही कोणाच्याच बाजूनं नाही असं जाहीर केलं होतं. सप्टेंबर १८६१ ला दक्षिणेची फौज आत घुसली आणि तिथलं विधिमंडळ उत्तरेकडं झुकलं. लिंकन आणि दक्षिणेचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस, दोघांचा जन्म केंटकीतला. तिथले सिनेटर क्रिटेंडन, त्यांचा एक मुलगा इकडं जनरल, दुसरा तिकडं. त्या घरात सणाला काय बोलत असतील देव जाणे.

आणि हे पक्कं लिहून ठेव, १ जानेवारी १८६३ चा गुलाममुक्तीचा जाहीरनामा या चार राज्यांना लागूच नव्हता. लिंकनला ती हातची घालवायची नव्हती.

मिरज_जंक्शन
नावांचा अजून एक घोळ सांगतो, मी यात एकदा मार्क घालवलेत. उत्तरेवाले फौजेला शक्यतो नदीचं नाव द्यायचे, दक्षिणवाले राज्याचं नाहीतर प्रदेशाचं. त्यामुळं 'आर्मी ऑफ द टेनेसी' उत्तरेची आणि 'आर्मी ऑफ टेनेसी' दक्षिणेची, फरक एका 'द'चा!! लढायांचं पण तसंच, उत्तरेची बुल रन म्हणजे ओढा, दक्षिणेची मनासस म्हणजे गाव, लढाई एकच.

हरिपूरकर
यात नवल काय, आपल्याकडं सातारा आणि कोल्हापूर झालंच की. छत्रपतींच्या एकाच घरातल्या दोन गाद्या, १७३१ ला तह झाला आणि वारणा हद्द ठरली. आमच्या संगमावर उभं राहिलं की तीच वारणा कृष्णेला मिळताना दिसते.

वारणाकाठ
@हरिपूरकर दादा, वारणेचा मान आहेच, पण जोडू नका. आपलं भांडण गादी कोणाची याचं. १७०७ ला खेडच्या लढाईत धनाजी जाधव ताराबाईंकडून शाहू महाराजांकडं आले आणि पारडं फिरलं. तिकडं मुळाशी गुलामगिरी होती, आणि माणूस अडकला तो राज्य मोठं का देश यात. रॉबर्ट ली व्हर्जिनियाचा, उत्तरेनं फौजेची कमान देऊ केली तरी राजीनामा देऊन राज्यामागं गेला. जॉर्ज थॉमस पण व्हर्जिनियाचाच, तो मात्र उत्तरेतच राहिला, आणि चिकामौगाच्या लढाईत बाकीची फौज पळत असताना पाय रोवून उभा राहिला.

शिवाय व्हर्जिनिया स्वतःच फुटलं. डोंगराकडचे जिल्हे म्हणाले आम्ही नाही येत तुमच्यासंगं, आणि १८६३ ला वेस्ट व्हर्जिनिया वेगळं राज्य झालं.

हरिपूरकर
बरं बाबा, नाही जोडत. पण नदी ती नदीच.

अजिंक्यतारा_पायथा
लय भारी, नकाशा परत काढतो आता, दोन रंगात नाही बसत हे. @मिरज_जंक्शन तो 'द' लाल पेननं लिहिलाय.